होन आणि पुतळी

शिवाजी महाराजांच्या होनाबद्दल मराठी माणूस अभिमानाने बोलतो, आणि बोलावेच. पण 'होन' हा शब्द मुळात कानडी आहे असे सांगितले की तो क्षणभर थबकतो. आम्हा धारवाड-हुबळीकडच्या मंडळींना त्यात नवल वाटत नाही. 'हेण्णु, होन्नु, मण्णु' म्हणजे बाई, सोने आणि जमीन, ही भांडणाची तीन मुळे इथल्या कोणत्याही शेतकऱ्याच्या तोंडी असतात. त्यातला 'होन्नु' म्हणजे सोने. जुन्या कानडीत त्याचे रूप 'पोन्' असे होते. कानडीत शब्दारंभीच्या 'प'चा पुढे 'ह' झाला. 'पालु'चा 'हालु' झाला, 'पळ्ळी'ची 'हळ्ळी' झाली, तसाच 'पोन्'चा 'होन्नु' झाला आणि मराठीने तो 'होन' म्हणून आपल्या दप्तरात घेतला. घेतला तो इतका की वतन, तनखा, नजर, दंड, सारे काही होनांत मोजले जाऊ लागले.

सोन्याच्या नाण्यावर काय छापावे हा प्रश्न प्रत्येक राज्याला पडतो. तांब्याच्या पैशावर काहीही असले तरी चालते. तो बाजारात झिजतो आणि विसरला जातो. सोन्याचे नाणे मात्र माणूस जपतो, पुरतो, गळ्यात घालतो, लेकीला देतो. त्यामुळे त्यावरचा ठसा पिढ्यान् पिढ्या बोलत राहतो. आपल्या या दुभाषी पट्ट्यातील सोन्याची नाणी काय बोलतात ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

सुरुवात जमिनीखालून करू. पृथ्वीच्या पोटातील ज्या प्राचीन खडकांत दक्षिणेतले सोने सापडते, त्यांना भूशास्त्रज्ञ 'धारवाड' खडक म्हणतात. रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने १८८० नंतरच्या दशकात हे नाव रूढ केले. कोलारची खाण, जी २००१ साली बंद झाली, याच जातीच्या खडकात होती. रायचूर जिल्ह्यातील हट्टीची खाण आजही चालू आहे, तीही त्यातच. गदगजवळच्या कप्पत डोंगररांगांतही सोन्याचा अंश आहे. म्हणजे जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आमच्या गावाचे नाव सोन्याच्या संगतीने येते, आणि गावातल्या मुलांना ते सांगावे लागते!

गदगजवळचेच लक्कुंडी आज देवळांसाठी प्रसिद्ध आहे. दानचिंतामणी अत्तिमब्बेने अकराव्या शतकाच्या आरंभी बांधलेले जैन मंदिर पाहायला लोक जातात. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात या गावात टांकसाळ होती. गावाचे जुने नाव लोक्किगुंडी. तिथून निघणारे सोन्याचे नाणे 'लोक्कि गद्याण' या नावाने शिलालेखांत येते. गद्याण हे होनाचे थोरले भावंड. चालुक्यांचे लांछन वराह. त्यावरून सोन्याच्या नाण्याला 'वराह' हे नाव पडले आणि राजवट गेली तरी नाव टिकले. पुढे ज्या नाण्यावर वराहाचा मागमूस नाही त्यालाही लोक वराहच म्हणत राहिले.

खानापूर तालुक्यातील हलशीला गेला असाल तर तिथले भूवराह-नरसिंहाचे देऊळ पाहिले असेल. हलशी म्हणजे जुनी पलाशिका. गोव्याच्या कदंबांचे हे एक ठाणे. त्यांच्या गद्याणावर शेपटी उंचावलेला सिंह आहे आणि मागील बाजूस नागरी लिपीत लेख आहे. राजाला सप्तकोटीश्वराच्या कृपेने वर लाभला, असा त्या लेखाचा आशय. शिवचित्त पेर्माडी आणि जयकेशी यांची अशी नाणी उपलब्ध आहेत. हाच सप्तकोटीश्वर पोर्तुगीज अमलात विस्थापित होऊन नार्व्याला आला, आणि त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ साली शिवाजी महाराजांनी केला. कदंबांच्या सोन्यावर ज्या देवाचे नाव होते, त्याचे देऊळ पाच शतकांनी भोसल्यांनी उभे केले. हा धागा शाळेच्या पुस्तकांत येत नाही, कारण एक राज्य कानडी पुस्तकात आणि दुसरे मराठी पुस्तकात असते.

माझ्या मते या साऱ्यांत सर्वांत बोलके नाणे देवगिरीच्या यादवांचे पद्मटंक. थोडे खोलगट, वाटीसारखे. मधोमध कमळ, भोवती निरनिराळे छोटे ठसे वेगवेगळे मारलेले. त्यांत शंख असतो, कधी हत्ती, कधी बाण. राजाचे नाव देवनागरीत असते, आणि त्याच नाण्यावर 'श्री' हे अक्षर कानडी-तेलुगू वळणाच्या लिपीत असते. बोटाच्या पेराएवढ्या सोन्यावर दोन लिप्या शेजारी शेजारी! यादव कुणाचे, मराठी की कानडी, या वादात आमच्याकडच्या सभांतून बराच घसा कोरडा झालेला आहे. त्यांच्या शिलालेखांची मोजणी करून दोन्ही बाजू आपापले पारडे जड करतात. ज्या कारागिराने तो ठसा मारला, त्याला हा प्रश्नच पडला नसावा. देवगिरीच्या आणि दोरसमुद्राच्या वाटेवरचा व्यापारी दोन्ही अक्षरे ओळखणारा होता, एवढे त्याला ठाऊक होते. आजही धारवाडच्या बाजारात दुकानाची पाटी एका लिपीत, आणि गल्ल्यावरच्या वहीतला हिशेब दुसऱ्या लिपीत, असे पाहायला मिळते.

विजयनगरच्या काळात होनाला वैभव आले. १३३६ साली स्थापन झालेल्या या राज्याच्या पहिल्या नाण्यांवर हनुमान आहे. पंपाक्षेत्र म्हणजे किष्किंधा, तेव्हा तो तर तिथला भूमिपुत्रच. पुढे उमामहेश्वर आले, लक्ष्मीनारायण आले. कृष्णदेवरायाच्या होनावर बाळकृष्ण बसलेला आहे. उदयगिरी जिंकून त्याने बाळकृष्णाची मूर्ती हंपीला आणली आणि १५१५ साली तिची स्थापना केली. होनावरचा बाळकृष्ण तोच, असा अभ्यासकांचा तर्क आहे. त्याच्या मागून आलेल्या अच्युतरायाने गंडभेरुंड छापला. दोन तोंडांचा हा पक्षी चोचींत आणि पंजांत हत्ती धरून उडतो. आज कर्नाटक सरकारच्या राजमुद्रेवर जो गंडभेरुंड आहे, तो म्हैसूरच्या वाडियारांमार्फत आलेला. पण साडेचार-पाचशे वर्षांपूर्वी तो सोन्यावर उडत होता. १५६५ च्या राक्षसतंगडीच्या लढाईनंतर पेनुकोंड्याला गेलेल्या तिरुमलरायाने आपल्या नाण्यावर राम, सीता आणि लक्ष्मण घातले. राजधानी गेलेल्या राजाला रामाची आठवण व्हावी, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. मागील बाजूचे लेख बहुधा नागरीत. 'श्री प्रताप कृष्णराय', 'श्री प्रताप अच्युतराय' असे. कानडी-तेलुगू मुलखाचे सम्राट, आणि सोन्यावर नागरी अक्षर!

या होनाचे वजन साधारण ३.४ ग्रॅम. त्याचा अर्धा तो प्रताप, आणि प्रतापाचा दहावा भाग म्हणजे फणम. १४४३ साली विजयनगरला आलेला इराणी वकील अब्दुर्रझाक याने ही परिमाणे नोंदवून ठेवली आहेत. फणम इतके चिमुकले की बोटाच्या टोकाला चिकटवून उचलावे लागे.

आता एक गंमत. देवाचे चित्र असलेले नाणे दुसऱ्या धर्माच्या राजाने बंद केले असेल, अशी आपली समजूत असते. इक्केरीच्या, म्हणजे केळदीच्या नायकांच्या होनावर शिवपार्वती होते. १७६३ साली हैदर अलीने बिदनूर घेतले, राज्य बुडवले; पण शिवपार्वतीला हात लावला नाही. त्याने फक्त नाण्याच्या पाठीवर आपल्या नावाचे फारसी आद्याक्षर घातले. पुढे टिपू पडल्यावर १७९९ साली गादीवर बसवलेल्या कृष्णराज वाडियारांच्या होनावर पुन्हा तेच शिवपार्वती. याला कुणी सहिष्णुता म्हणेल. मी त्यात व्यवहार अधिक पाहतो. लोकांचा ठशावर विश्वास बसलेला असतो. ठसा बदलला की सराफ नाणे वाजवून पाहतो, कसोटीवर घासतो आणि बट्टा कापतो. महंमद घोरीनेही उत्तरेत लक्ष्मीछाप सोन्याची नाणी चालू ठेवली होती, ती याच कारणाने. नव्या राजाला जुन्या देवाची गरज लागते ती अशी.

या पार्श्वभूमीवर शिवाजी महाराजांचा होन पाहिला म्हणजे त्याचे वेगळेपण ध्यानात येते. त्यावर देव नाही, प्राणी नाही, राजाचा चेहरा नाही. एका बाजूस तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस 'छत्रपति'. कडेला बिंदूंची माळ. वजन साधारण २.८ ग्रॅम. बस्स, एवढेच. ज्या काळात दख्खनच्या दरबारांची भाषा फारसी होती आणि दक्षिणेकडच्या होनांवर देवांची मांदियाळी होती, तेव्हा या राजाने दोन्ही वाटा सोडून केवळ अक्षर निवडले. फारसी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश ज्याने करवला, त्याला हे सुचावे यात आश्चर्य नाही. नाव धातूचे कानडी, अक्षर नागरी, पदवी संस्कृत. सीमाभागातल्या माणसाने हा होन तळहातावर ठेवून जरा वेळ पाहत बसावे.

मूळ होन आता अत्यंत दुर्मीळ आहे. जत्रेत आणि पुस्तकांच्या दुकानात जे मिळतात ते पितळेला मुलामा दिलेले नमुने. ते नमुने म्हणून विकले तर तक्रार नाही. 'आमच्या पणजोबांच्या पेटीत सापडला' असे सांगत कुणी आला, तर मात्र दोन्ही हात खिशात ठेवावेत.

१६७४ च्या राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर होता. महाराजांच्या सुवर्णतुलेला सुमारे १६,००० होन लागले असे त्याने नोंदवले. आठवीच्या वर्गात मी हे गणित घालतो. १६,००० गुणिले ३.४ ग्रॅम, उत्तर ५४ किलो ४०० ग्रॅम. मुले लगेच आपापले वजन सांगू लागतात आणि इतिहासाचा तास पाच मिनिटे ताब्यातून जातो. पण त्या भेटीतली दुसरी गोष्ट मला तुलेपेक्षा मोलाची वाटते. इंग्रजांना तहात एक कलम हवे होते, की मुंबईत पाडलेले त्यांचे नाणे महाराजांच्या मुलखात चालावे. महाराजांनी ते अनावश्यक ठरवले. कोणतेही नाणे चालण्यास आपली मनाई नाही, परंतु ज्यात रयतेचे नुकसान होईल असे नाणे घेण्याची सक्तीही आपण तिच्यावर करणार नाही. नाणे इतरांइतके चोख असेल तर ते आपोआप चालेल, असा त्यांच्या उत्तराचा मथितार्थ. अर्थशास्त्राची जाडी पुस्तके यापेक्षा फार वेगळे सांगत नाहीत.

आणि खरोखरच महाराजांच्या खजिन्यात साऱ्या मुलखांची नाणी होती. कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत त्यांची यादी दिली आहे. पातशाही, इभरामी, शिवराई, अच्युतराई, देवराई, रामचंद्रराई, गुत्ती, कावेरीपाक... बुडालेल्या राज्यांतील राजांची नावे होनांच्या रूपाने तिथे नांदत होती. त्याच यादीत 'धारवाडी' असाही एक होन आहे. विद्यार्थ्यांना ही यादी वाचून दाखवताना त्या शब्दाशी मी थोडा थांबतो.

त्या धारवाडी नाण्याचा पुढचा इतिहास तितकासा गोड नाही. कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्या मधल्या मुलखात जमीनदारांनी आपापल्या खासगी टांकसाळी थाटल्या होत्या आणि हलके, भेसळीचे नाणे पाडण्याचा उद्योग चालवला होता. १७६४ साली माधवराव पेशव्यांनी धारवाड हैदरकडून घेतले. त्यांच्याच कारकिर्दीत या खासगी टांकसाळी बंद करण्याचा हुकूम निघाला आणि धारवाडला एक मध्यवर्ती टांकसाळ ठरवण्यात आली. तिच्यात होन, मोहरा आणि रुपये पाडायचे. महादेव गोविंद रानडे यांनी मराठी अमलातील नाणी आणि टांकसाळी यांवर १८९९ च्या सुमारास इंग्रजीत जो निबंध लिहिला, त्यात हा सारा व्यवहार आलेला आहे. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. महाराजांनी जे अक्षर निवडले ते पेशवाईने रुपयावर टिकवले नाही. मराठ्यांच्या टांकसाळींतला अंकुशी रुपया दिल्लीच्या बादशहाच्या नावाने, फारसी अक्षरांत निघत होता. अंकुशाची खूण तेवढी आपली. ज्यांच्या घोड्यांनी अटकेचे पाणी चाखले, त्यांनी नाण्यावर नाव मात्र शाह आलमचे ठेवले. कारण तेच, हैदरने शिवपार्वती ठेवले तेच. बाजाराला ओळखीचा ठसा लागतो.

आता पुतळीकडे वळू. आमच्या घरांतील बायकांना होन ठाऊक नसेल, पण पुतळ्यांची माळ ठाऊक आहे. कानडी शेजारणीची ती 'पुत्तळी सर'. चपट्या गोल चकत्या, वर बारीक कडी, त्यांवर उभ्या माणसांची चित्रे. कुणी म्हणते राम-लक्ष्मण, कुणी म्हणते राम-सीता. मूळ पुतळी मात्र व्हेनिस या इटलीतल्या दर्यावर्दी प्रजासत्ताकाचे नाणे आहे. ते डुकाट या नावाने १२८४ साली निघू लागले. एका बाजूस व्हेनिसचा संत मार्क उभा असून गुडघे टेकलेल्या अधिपतीच्या हाती ध्वजाची काठी देतो आहे. अधिपतीला तिकडे 'डोज' म्हणत. दुसऱ्या बाजूस ताऱ्यांनी भरलेल्या लंबगोल प्रभावळीत येशू ख्रिस्त उभा आहे. भोवती लॅटिनमध्ये प्रार्थना आहे, की हे ख्रिस्ता, तू ज्यावर राज्य करतोस ती ही सत्ता तुलाच अर्पण असो. आमच्या आज्या-पणज्यांनी मंगळागौरीला, हळदीकुंकवाला हा ख्रिस्त छातीवर मिरवला आणि कुणाचे काही बिघडले नाही. प्रभावळीतला उभा पुरुष तो देवच असणार, इतके त्यांना उमगले होते आणि तितके पुरेसे होते.

१२८४ पासून १७९७ मध्ये नेपोलियनने ते प्रजासत्ताक संपवेपर्यंत, म्हणजे पाचशेहून अधिक वर्षे, या नाण्याचा ठसा, वजन आणि कस यांत म्हणण्यासारखा फरक झाला नाही. वजन साडेतीन ग्रॅम, म्हणजे जवळपास होनाइतकेच. सोने शंभरात नव्याण्णवांहून अधिक चोख. मिरी, कापड, नीळ यांच्या बदल्यात ते तांबड्या समुद्रावरून आमच्या बंदरांत उतरले आणि घाट चढून वर आले. त्याचे दुसरे नाव 'झेक्किनो'. हे नाव व्हेनिसच्या टांकसाळीच्या 'झेक्का' या नावावरून पडले, आणि 'झेक्का' आला अरबी 'सिक्का'वरून. आपण रोज म्हणतो तो सिक्का! शब्द तिकडे गेला आणि सोने होऊन परत आला.

मागणी वाढली तशी इथल्या सोनारांनीही पुतळ्या घडवल्या. त्यांना लॅटिन येत नव्हते. त्यांनी अक्षरांच्या जागी उभ्या रेघा, बिंदू, आकडे काढले. संताची दाढी गेली, ध्वजाच्या काठीचा कुठे धनुष्य तर कुठे समईचा दांडा झाला. घरातली पुतळी अस्सल की देशी हे पाहायचे असेल तर भिंग घेऊन कडेची अक्षरे वाचावीत.

इंग्रजी अमलात सॉव्हरिन आले. आपल्याकडे सरसकट त्याला गिनी म्हणत, आणि अजूनही बावीस कॅरेटला 'गिनी सोने' म्हणतात ते त्यावरूनच. त्यावरचा घोडेस्वार संत जॉर्ज अजगराला मारतो आहे. १८१७ चे हे चित्र पिस्त्रुची या इटालियन कारागिराचे. १९१८ साली मुंबईत जवळजवळ १३ लाख सॉव्हरिन पाडली गेली. घोड्याच्या टाचेखालच्या जमिनीत इंग्रजी 'आय' हे बारीक अक्षर दिसले तर ते नाणे मुंबईचे समजावे.

आज जगातली सरकारे सोन्याची नाणी काढतात ती बाजारहाटासाठी नव्हे, साठवणुकीसाठी. त्यातले पहिले यशस्वी नाणे दक्षिण आफ्रिकेचे क्रुगेररँड, १९६७ सालचे. एका बाजूस ट्रान्सव्हालचा जुना अध्यक्ष पॉल क्रुगेर, दुसऱ्या बाजूस हरिण. त्यात बरोबर एक औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम शुद्ध सोने. सोने तेच, पण वर्णद्वेषी राजवटीचा ठसा म्हणून १९८५ मध्ये अमेरिकेने त्याची आयात बंद केली. कॅनडाने १९७९ साली मॅपलचे पान काढले, चीनने १९८२ साली पांडा. पांडाचे चित्र दरवर्षी बदलते. २००२ साली बदलले नाही तेव्हा संग्राहकांनी कुरकुर केली आणि ते पुन्हा बदलू लागले. व्हेनिसने पाचशे वर्षे ठसा बदलला नाही म्हणून विश्वास मिळवला, आणि इथे तो बदलला नाही म्हणून गिऱ्हाईक रुसले!

भारत सरकारचे असे नाणे ५ नोव्हेंबर २०१५ रोजी आले. पाच आणि दहा ग्रॅमची नाणी, चोवीस कॅरेट. एका बाजूस अशोकचक्र, दुसऱ्या बाजूस महात्मा गांधी. चक्राला आरे चोवीस आणि सोनेही चोवीस कॅरेट, हा योगायोग असला तरी मुलांना फार आवडतो. अशोकचक्र आम्हाला परके नाही. हुबळीच्या बेंगेरी भागात खादीचा राष्ट्रध्वज शिवला जातो, त्यासाठीची खादी धारवाडजवळच्या गरग गावाच्या मागांवर विणली जाते. चक्राचे आरे एका सुताने चुकले तरी ध्वज बाद होतो.

गांधीजींचा चेहरा सोन्यावर असावा का, याबद्दल माझे मत जरा निराळे आहे. १९०१ साली दक्षिण आफ्रिकेतून निघताना मिळालेले दागिने त्यांनी सार्वजनिक कामासाठी विश्वस्तांकडे देऊन टाकले. त्यात कस्तुरबांना भेट मिळालेला पन्नास गिन्यांचा सोन्याचा हार होता, आणि त्यावरून नवराबायकोत झालेला वाद त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. कागदी नोटेवर ते शोभतात. साठवणुकीच्या सोन्यावर त्यांना अवघडल्यासारखे होत असेल. तरीही एका कारणासाठी ते तिथे असलेले मला बरे वाटते. १८९३ साली प्रिटोरियात क्रुगेरच्या घरावरून ते रोज फिरायला जात. एके दिवशी दारावरच्या शिपायाने काही न बोलता त्यांना ढकलले आणि लाथ मारून पदपथावरून खाली उतरवले. त्या घराचा मालक आज एका देशाच्या सोन्यावर आहे, आणि पदपथावरून उतरवलेला माणूस दुसऱ्या देशाच्या.

आता जे चालले आहे त्याकडे येतो. २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या पुढे गेला आणि घरोघरच्या पेट्या उघडल्या. हुबळीला काय, धारवाडला काय, निपाणी-बेळगावला काय, मुशीत पडणाऱ्या जुन्या सोन्यात पुतळ्या किती आणि फणम किती, याची नोंद कुणीही ठेवत नाही. दसऱ्याला आपण आपट्याची पाने देतो नि 'सोन्यासारखे राहा' म्हणतो. शेजारी बन्नीची पाने देऊन 'बंगारदंग इरोण' म्हणतो. खरे सोने मात्र दोघेही एकाच सराफाकडे मोडतो. लग्नकार्य, दवाखाना, मुलांच्या फिया, कारणे सगळी खरी असतात. कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. मोडायचेच असेल तर दोनतीन गोष्टी तेवढ्या माहीत असाव्यात. एक म्हणजे, आता बऱ्याच पेढ्यांत किरणांनी कस दाखवणारे यंत्र असते. पुतळी न आटवता तिचा कस कळतो. कडीला डाख लावलेला असतो, तिथे यंत्र कमी आकडा दाखवील, म्हणून मधोमध तपासायला सांगावे. दुसरे म्हणजे, शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. शेतात नांगराला गाडगे लागले तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते. आणि आटवण्यापूर्वी निदान दोन्ही बाजूंचा फोटो काढून वजन लिहून ठेवावे. मोबाइल तर प्रत्येकाच्या हातात आहे.

आमच्या आईच्या माळेत अकरा पुतळ्या होत्या. भाचीच्या लग्नात त्या मोडून नव्या घाटाचा नेकलेस करायचे ठरले. एका पेढीवर 'परदेशी माल आहे, कस सांगता येत नाही' म्हणून बावीस कॅरेटचा भाव सांगितला गेला. दुसऱ्या ठिकाणी यंत्रावर ठेवल्यावर आकडा नव्याण्णवच्या वर आला. तोवर मी भिंग लावून अक्षरे वाचायला घेतली होती. दहा पुतळ्यांवर डोजांची नावे होती, त्यांतल्या सहांवर 'आलोय मोसेन' अशी अक्षरे निघाली. घसाऱ्यावरून त्या चौथ्या आल्विझे मोचेनिगोच्या असाव्यात. त्याची कारकीर्द १७६३ ते १७७८. म्हणजे माधवराव पेशवे धारवाडची टांकसाळ ठरवीत होते, त्या सुमारास हे सोने व्हेनिसमध्ये छापले जात होते. ताईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "भाऊ, वाचून झाले असेल तर दे. दिवाळीनंतर लगेच मुहूर्त आहे." अखेर चार मोडल्या, सहा भाचीच्या गळ्यात नुसत्या गोफात ओवून राहिल्या.

अकरावी इथल्याच कुणा सोनाराने घडवलेली. अक्षरांच्या जागी रेघा, संताच्या हातात समईचा दांडा, सोने एकवीस कॅरेटच्या आसपास. खोटी म्हणून ताईने ती मोडायच्या ढिगात सर्वांत आधी टाकली होती. मी तिचे वजन करवले, ३ ग्रॅम १० मिलिग्रॅम भरले. त्या दिवसाच्या भावाने ताईला पैसे दिले आणि ती ठेवून घेतली. अकरांत आपल्या मुलखात बनलेली तेवढी एकच होती.